वसंतापूर्वीची मशागत

श्रीमद्भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात आपल्या विभूतींचे वर्णन करताना भगवंतांनी ऋतूंमध्ये वसंताला मान दिला आहे. फुलांनी बहरणारा हा ऋतू आपलेच रूप आहे, असे ते अर्जुनास सांगतात. ज्याने आंब्याचा मोहोर किंवा पळसाचा बहर डोळे भरून पाहिला आहे, त्याला या कथनाची वेगळी साक्ष लागत नाही. परंतु बहराच्या आधीचा दीड-दोन महिन्यांचा काळही त्याच भगवंताचा आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. त्या काळात झाडावर पान नसते, माती गारठलेली असते आणि राबणाऱ्याच्या हाताला काहीच लागत नाही. तरीही बागेचे भवितव्य पुष्कळसे त्याच दिवसांत ठरत असते. मनुष्याच्या आयुष्यातही असे उजाड दिसणारे दिवस येतात. फळ दूर असते, ऋतू पालटण्याचे चिन्ह नसते आणि काम मात्र समोर उभे असते. अशा वेळी कसे वागावे, याचे उत्तर गीतेत आहे; आणि ते उत्तर एखाद्या बागेच्या बांधावर जितके स्पष्ट दिसते तितके ग्रंथालयात क्वचितच दिसते.

मैदानी प्रदेशात माघ सरता सरता थंडी ओसरू लागते. हिमालयाच्या उतारावर तसे नसते. शिमल्यापासून सुमारे ८० किलोमीटर अंतरावर, सतलज नदीच्या खोऱ्याच्या वरच्या अंगाला कोटगढ आणि ठाणेदार ही गावे आहेत. येथील बागा समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटर उंचीवर डोंगराच्या पायऱ्यापायऱ्यांवर वसल्या आहेत. फाल्गुनातही बर्फ केव्हा पडेल याचा तेथे नेम नसतो. आज हा परिसर सफरचंदांसाठी सर्वत्र प्रसिद्ध आहे. या कीर्तीचे मोठे श्रेय सॅम्युएल स्टोक्स यांच्याकडे जाते. हे गृहस्थ अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे. कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी ते १९०४ साली भारतात आले आणि पुढे कोटगढलाच स्थायिक झाले. डोंगरी लोकांवर लादलेल्या वेठबिगारीविरुद्ध ते लढले, स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांनी कारावास भोगला आणि १९३२ साली हिंदू धर्माचा स्वीकार करून सत्यानंद हे नाव धारण केले. १९१६ च्या सुमारास त्यांनी अमेरिकेतून ‘रेड डेलिशस’ जातीच्या सफरचंदाची रोपे आणून येथे लावली. ठाणेदार येथे त्यांनी १९३७ साली मंदिर बांधले. त्याच्या लाकडी कामावर गीतेतील व उपनिषदांतील वचने कोरलेली आहेत. रोप लावणारा आणि गीतेची वचने कोरवून घेणारा हात एकच होता, हा केवळ योगायोग मानण्याचे कारण नाही. सफरचंदाचे रोप लावले की पुरते फळ येण्यास कित्येक वर्षे जातात. बर्फात खड्डा खणताना ज्याला लगेच बाजार दिसतो, त्याच्या हातून ही शेती होत नाही.

या बागांमध्ये माघ-फाल्गुनात काय चालते ते पाहावे. झाडे निष्पर्ण उभी असतात. बागवान प्रथम त्यांची छाटणी करतो. मेलेल्या, रोगट, एकमेकींवर घासणाऱ्या आणि उजेड अडविणाऱ्या फांद्या तो काढून टाकतो व उघड्या पडलेल्या जखमांवर मोरचूद व चुन्याचा लेप देतो. बुंध्याभोवतीच्या गोल आळ्याला तेथील लोक ‘तौलिया’ म्हणतात. ते आळे तो खणून स्वच्छ करतो, त्यात कुजलेले शेणखत मिसळतो. बर्फाच्या भाराने ढासळलेल्या पायऱ्यांचे दगड पुन्हा रचतो. रस चढू लागण्याच्या सुमारास कलमे बांधतो. कोवळ्या रोपांभोवती वाळलेले गवत गुंडाळतो. घराजवळच्या वाफ्यांतील माती मोकळी करून ठेवतो, पण नाजूक भाज्यांचे बी मात्र अजून डब्यातच राहू देतो. एवढे सारे करूनही संध्याकाळी मागे वळून पाहिले तर बाग सकाळपेक्षा अधिकच उघडीबोडकी दिसते. छाटलेल्या फांद्यांचे ढीग आणि उकरलेली काळी माती, एवढेच त्या दिवसाचे दृश्य फळ होय.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीस पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. बागेच्या संदर्भात ही पाचही अगदी उघड आहेत. जमीन हे अधिष्ठान, बागवान हा कर्ता, कात्री-कुदळ-फावडे ही करणे, छाटणी-खणणी या चेष्टा. आणि ऊन, पाऊस, बर्फ, वारा, गारा हे सारे पाचव्या कारणात, म्हणजे दैवात मोडते. यांतील चार कारणांची तयारी मनुष्याला करता येते. पाचवे त्याच्या अधीन नाही. पाचवे हाती नाही म्हणून पहिली चार टाकून देणे हा आळस. आणि पहिली चार पार पाडली म्हणून पाचव्यावर हक्क सांगणे हा अहंकार. या दोन्ही खड्ड्यांच्या मधून जी पायवाट जाते तिलाच भगवंतांनी कर्मयोग म्हटले आहे. पाच कारणे सांगून झाल्यावर लगेचच, जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची दृष्टी शुद्ध नव्हे, असेही त्यांनी बजावले आहे.

आता थंडीचा विचार करू गेल्यास आणखी एक मर्म उलगडते. वरवर पाहता थंडी ही बागेची वैरीण वाटते. ती केव्हा एकदा जाते आणि ऊब केव्हा येते, असे मनुष्याला होते. परंतु सफरचंदाच्या झाडाला थंडी अत्यावश्यक असते. ‘रेड डेलिशस’सारख्या जातींना हिवाळ्यात सुमारे ७ अंश सेल्सियसच्या खालच्या तापमानाचे हजाराहून अधिक तास मिळावे लागतात. ते पुरेसे मिळाले नाहीत तर वसंतात कळ्या एकसारख्या फुटत नाहीत, बहर रेंगाळतो आणि फळधारणा कमी होते. म्हणजे ज्या काळात झाड निजलेले वाटते त्याच काळात ते फुलण्याची पात्रता मिळवीत असते. दुसऱ्या अध्यायात भगवंत शीतोष्ण आणि सुखदुःखे येणारी-जाणारी आहेत, ती सहन कर, असे अर्जुनास सांगतात. या तितिक्षेचा अर्थ पुष्कळजण दात-ओठ खाऊन सोसणे असा करतात. बागेतली तितिक्षा याहून खोल आहे. थंडी जाईपर्यंत कसेबसे तग धरणे एवढेच तेथे अभिप्रेत नाही. थंडीकडून जे घ्यावयाचे ते पुरते घेणे, हे तेथे घडते.

अलीकडच्या दशकांत हिमालयात हिमवर्षाव अनिश्चित झाला आहे, हिवाळे सौम्य होत आहेत आणि सफरचंदाची लागवड खालच्या उतारांवरून किन्नौर, लाहौल-स्पितीसारख्या उंच प्रदेशांकडे सरकत आहे. त्यामुळे बागवानाची वाट पाहणे आज पूर्वीहून कठीण झाले आहे. यातही एक बोध आहे. ज्याला एक मनुष्य दैव म्हणतो, त्यात असंख्य मनुष्यांच्या पूर्वीच्या कर्मांचाही वाटा असतो. आपल्या हातून घडणारे कर्म दुसऱ्या कोणाच्या तरी दारात उद्या दैव होऊन उभे राहणार आहे, हे ध्यानात ठेवून जो वागतो, त्यालाच तिसऱ्या अध्यायातील यज्ञचक्राचा अर्थ कळला असे म्हणता येईल.

वसंतापूर्वीच्या या काळात मनुष्याची प्रकृती कशी प्रकट होते, हे एका दृष्टांताने पाहावे. एकाच डोंगराच्या उतारावर तीन बागवान शेजारी शेजारी राहत होते. पहिला म्हणे, “एवढ्या थंडीत कशाला हात गारठवायचे? ऊन पडू लागले की पाहू.” ऊन पडू लागले तेव्हा कळ्या फुगल्या होत्या आणि छाटणीची वेळ टळून गेली होती. दुसरा अतिशय उत्साही होता. फाल्गुनात चार दिवस ऊबदार गेले, तोच त्याला वाटले की वसंत आला. त्याने रोपांवरचे गवत काढून टाकले, वाफ्यांत नाजूक भाज्यांची रोपे लावली आणि यंदा किती पेट्या माल निघेल याचा हिशेबही मांडला. पाचव्या रात्री दहिवर गोठले. सकाळी वाफे काळे पडले होते, रोपांचे शेंडे करपले होते आणि तो कपाळाला हात लावून बसला होता. तिसरा नित्याप्रमाणे आपले काम करीत होता. ऊबदार दिवसांत त्याने खणणी उरकून घेतली, पण गवत हलविले नाही. थंडी परतली तेव्हा तो घरात बसून अवजारांना धार लावीत होता.

अठराव्या अध्यायात भगवंतांनी कर्त्याचे जे तीन प्रकार सांगितले आहेत, ते येथे समोर उभे राहतात. आजचे उद्यावर ढकलणारा दीर्घसूत्री तो तामस. फळाकडे डोळे लावून हर्ष आणि शोक यांच्या हिंदोळ्यावर बसणारा तो राजस. आणि धैर्य व उत्साह दोन्ही बाळगून यशापयशात न ढळणारा तो सात्त्विक. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. भगवंतांनी सात्त्विक कर्त्याच्या ठिकाणी धैर्याच्या जोडीने उत्साह सांगितला आहे. नुसते धैर्य असेल तर मनुष्य थंड होतो, नुसता उत्साह असेल तर तो गवत लवकर काढतो.

परंतु दृष्टांत येथेच संपविला तर तो सोपा होईल. सात्त्विकाला फळ मिळाले आणि इतर दोघे फसले, एवढेच सांगावयाचे असते तर त्यासाठी गीतेची आवश्यकता नव्हती. व्यवहारचातुर्य पुरेसे होते. खरी परीक्षा पुढेच झाली. चैत्र उलटला, तिसऱ्या बागवानाची बाग गुलाबी-पांढऱ्या फुलांनी भरून गेली. मधमाश्यांच्या पेट्याही बागेत येऊन बसल्या. आणि ऐन बहरात एका निरभ्र रात्री पारा शून्याच्या खाली तीन-चार अंशांवर उतरला. बहरातल्या सफरचंदाला एवढी थंडी घातक ठरते. बाप-लेकांनी रात्रभर ओला पाला जाळून बागेत धूर केला. तरीही उजाडल्यावर बहुतेक फुलांचे गर्भ काळे पडलेले दिसले. शेजाऱ्यांची फुले गेली होती; यांचीही गेली.

मुलाला हे सोसले नाही. तो म्हणाला, “बाबा, सारा हिवाळा तुम्ही राबलात. बर्फात तुमचे हात फुटले. शेजारच्या काकांनी काहीच केले नाही. त्यांचीही फुले गेली आणि आपलीही. मग तुम्ही केलेत ते कशासाठी?”

बाप काही वेळ बोलला नाही. त्यालाही कर्जाचा हप्ता दिसत होता, धाकट्या मुलीच्या शाळेचा खर्च दिसत होता. मग तो म्हणाला, “बाळ, फुले गेली हे खरे. ती आता यायची नाहीत. पण झाड उभे आहे ना? त्याला पाणी पाहिजे. फावडे घे, चल.”

संध्याकाळी हात-पाय धुऊन बसल्यावर त्याने मुलाला समजावून सांगितले, “काल जी फुले गेली, त्यांच्या कळ्या या फाल्गुनात धरल्या नव्हत्या. गेल्या वर्षी ज्येष्ठ-आषाढात झाडाने त्या आपल्या पोटात धरल्या होत्या. पुढच्या चैत्रातल्या कळ्या आता दोन महिन्यांनी धरतील. ज्या वर्षी झाडावर फळांचा भार नसतो, त्या वर्षी ते पुढच्या बहराची तयारी अधिक करते. आपण घातलेले खत मुळाशी आहे, छाटलेल्या जागी उजेड पोचतो आहे. ते गोठलेले नाही.”

“आणि पुढच्या वर्षीही असेच झाले तर?” मुलाने विचारले.

“तर पुढच्या वर्षीही बागेत जाऊ. मुलीच्या शाळेसाठी खाली जाऊन मजुरी करावी लागली तर तीही करू. बाग माझ्याकडे सोपविलेली आहे, हवा सोपविलेली नाही.”

या संवादात दुसऱ्या अध्यायाचे सार उतरले आहे. कर्माचा अधिकार आहे, फळावर नाही, हे भगवंतांचे सांगणे ऐकून पुष्कळांना वाटते की यात फळाविषयी बेपर्वाई शिकविली आहे. तसे नव्हे. बागवानाला फळ हवे होते. त्यासाठी तो रात्रभर धुरात उभा राहिला. फळाची काळजी वाहणे आणि फळावर आपल्या मनाची मालकी टांगून ठेवणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली कर्तव्यात मोडते, दुसरी आसक्तीत. फुले गेल्याचे दुःख त्याला झाले, परंतु त्या दुःखाने सकाळचे पाणी चुकविले नाही. समत्व ओळखावयाची खूण हीच होय.

याच अध्यायात भगवंतांनी असेही आश्वासन दिले आहे की या मार्गावर आरंभिलेला यत्न कधीच वाया जात नाही. झाडाच्या पोटातील कळ्यांचे उदाहरण या आश्वासनाच्या जवळ जाणारे आहे. पण ते तेवढ्यावरच आधारलेले नाही, हेही जाणले पाहिजे. पुढच्या वर्षी दुप्पट बहर येईलच, असा करार भगवंतांनी कोणाशी केलेला नाही. एखादे झाड वाळते, एखादी बाग दरड कोसळून नाहीशी होते. मग न वाया जाणारे असे काय उरते? बाग खणताना बागवानाचेही काही खणले जात असते, ते उरते. तेराव्या अध्यायात शरीराला क्षेत्र म्हटले आहे आणि मन, बुद्धी, अहंकार, इच्छा, द्वेष हे सारे त्याच क्षेत्रात गणले आहेत. बाहेरचे शेत कसता कसता हे आतले शेतही कसले जाते. त्या मुलाने त्या दिवशी बापाबरोबर फावडे उचलले, तेव्हा त्याच्या मनोभूमीत जे पेरले गेले, त्यावर कोणतेही दहिवर पडणार नव्हते.

ही वाट महाराष्ट्राला नवी नाही. अरणच्या संत सावता माळ्यांनी आपला मळाच भजनाचे स्थान मानला. ते मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, प्रत्यक्ष पांडुरंग त्यांच्या भेटीस आला, अशी श्रद्धा आहे; आणि पंढरपूरहून पांडुरंगाची पालखी आजही अरणला जाते. देशावरचा शेतकरीही वैशाखाच्या रखरखत्या उन्हात नांगरट करतो, ढेकळे फोडतो, काशा वेचतो आणि मृगाची वाट पाहतो. हिमालयात ऊब यावयाची असते, येथे पाऊस यावयाचा असतो. वाट पाहण्याची रीत मात्र एकच आहे.

साधकाने आता हे स्वतःकडे लावून पाहावे. नामस्मरणास बसावे तर मन रमत नाही, पाठ करावा तर अक्षरे कोरडी वाटतात, असे महिनेच्या महिने जातात. तेव्हा दोन मोह होतात. गोडी नाही तर बसावे कशाला, हा एक. आणि चार दिवस थोडा आनंद लाभला की आपण सिद्धीच्या दाराशी पोचलो असे मानून नियम सैल करणे, हा दुसरा. पहिला तामस बागवानाचा, दुसरा राजसाचा. सहाव्या अध्यायात मनाला हळूहळू, धीर धरलेल्या बुद्धीने आवरावयास सांगितले आहे. आणि ते जेथे जेथे भरकटेल तेथून पुन्हा आणावयास सांगितले आहे. हे पुन्हा आणणे म्हणजेच फाल्गुनातील खणणी. त्या काळात करावयाची कामे ठरलेली आहेत. उजेड अडविणाऱ्या सवयी छाटाव्या. छाटल्याने जी जखम होते तिच्यावर सत्संगाचा लेप द्यावा. स्वाध्यायाचे खत मुळाशी घालावे आणि ते दिसले नाही तरी शंका धरू नये. नवे, कोवळे संकल्प चारचौघांत मिरवू नयेत. ऋतू स्थिरावेपर्यंत ते झाकून ठेवावे.

प्रपंचातही हेच आहे. घरात कोणी दीर्घकाळ आजारी असते. औषध चालू असते, उतार दिसत नसतो. कोणाचा मुलगा शिक्षण पुरे करून कामाच्या शोधात हिंडत असतो. कोणाच्या दोन भावांमध्ये अबोला धरलेला असतो. अशा घरांत हिवाळा असतो. तेथे वेळेवर औषध देणे, मुलाला टोचून न बोलणे, सणावारी भावाकडे निरोप धाडणे, ही कामे लहान दिसतात आणि संध्याकाळी त्यांचे काहीच फळ दिसत नाही. ती करणाऱ्याने निराश होऊ नये. तो बाग राखीत आहे. आजार बरा होईल की नाही, अबोला सुटेल की नाही, हे त्याच्याकडे सोपविलेले नाही. परंतु ऊब आलीच तर तिला उतरावयास माती मोकळी असावी, एवढे त्याच्याकडे निश्चित सोपविलेले आहे.

वसंत भगवंताची विभूती आहे, म्हणून तो भगवंताच्या इच्छेने येईल. जो बहर मागण्यापूर्वी भूमी तयार करतो आणि भूमी तयार करून झाल्यावर बहर भगवंतावर सोपवितो, त्याच्या हातून घडलेली प्रत्येक कुदळ ही पूजाच होय. अशा साधकाला फाल्गुनातही एकटेपणा नाही; कारण ज्याची तो वाट पाहतो, तोच उकरलेल्या मातीत त्याच्या शेजारी उभा असतो.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥